साठ षटकं आली कुठून? इंग्लंडच्या काउंटी वनडेची गोष्ट

परवा माझा भाचा १९८३ च्या विश्वचषक फायनलचा धावफलक बघत बसला होता. भारत सर्वबाद १८३, षटकं ५४.४. तो म्हणाला, "मामा, वनडे पन्नास ओव्हरची ना? मग चोपन्नावी ओव्हर आली कुठून?" मी सांगितलं, की तेव्हा विश्वचषकातली वनडे साठ षटकांची असायची. त्यानं लगेच पुढचा प्रश्न टाकला, "साठच का?"

तिथे मी अडकलो. साठ हा आकडा आपण इतकी वर्षं पाठ केलाय, पण तो कुणी ठरवला हे विचारायचं कधी सुचलंच नाही. त्याचं उत्तर लॉर्ड्सच्या गॅलरीत नाही. ते आहे इंग्लंडमधल्या काउंटी क्लबांच्या रिकाम्या होत चाललेल्या पैशांच्या गल्ल्यात.

आधी काउंटी म्हणजे काय ते बघू. काउंटी म्हणजे ढोबळमानानं इंग्लंडचा जिल्हा. यॉर्कशायर, केंट, सरे, ससेक्स असे हे जिल्हे, आणि प्रत्येकाचा आपापला क्रिकेट क्लब. वेल्समधलं ग्लॅमॉर्गनही त्यांच्यात खेळतं. आज असे १८ संघ आहेत, १९६३ मध्ये १७ होते. आपल्या रणजी संघांसारखेच की, असं वाटेल, पण एक मोठा फरक आहे. काउंटी हा सभासदांचा क्लब असतो. तो वर्षभराचं सभासदत्व विकतो, गेटवर तिकिटं विकतो आणि त्या पैशातून खेळाडूंना पगार देतो. गेटवर माणूस आला नाही, तर पगाराची पंचाईत.

आणि माणूस येईनासा झाला होता. दुसरं महायुद्ध संपल्यावर लोक मैदानांवर अक्षरशः तुटून पडले होते. १९४७ च्या मोसमात काउंटी अजिंक्यपद स्पर्धेला वीस लाखांहून जास्त प्रेक्षक आले. १९६३ पर्यंत हा आकडा सात-साडेसात लाखांवर घसरला. घरात टीव्ही आला, दारात मोटार आली, सुट्टीच्या दिवशी करण्यासारख्या दहा गोष्टी झाल्या. सामने मात्र तसेच, तीन दिवसांचे. त्यातला एक दिवस बघायचा म्हणजे कादंबरीचं मधलंच प्रकरण वाचून पुस्तक ठेवून देण्यासारखं. कामावर जाणारा माणूस बुधवारी दुपारी मैदानावर जाणार कधी, आणि गेलाच तर त्याला निकाल दिसणार कधी?

हा आजार क्रिकेटच्या कारभाऱ्यांना कळत नव्हता असं नाही. एमसीसीनं, म्हणजे तेव्हा इंग्लंडच्या क्रिकेटचा कारभार बघणाऱ्या लॉर्ड्सच्या क्लबनं, पन्नासच्या दशकात हॅरी ऑल्थम यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती. बाद फेरीची एखादी स्पर्धा काढा, असं त्या समितीनं सुचवलंही. पण अशा सूचना फायलीत निवांत झोपतात. तिला जागं करायचं काम केलं लेस्टरशायरच्या माइक टर्नर या तरुण सचिवानं.

लेस्टरशायर म्हणजे तेव्हाची तळातली काउंटी. पैसा कमी, प्रेक्षक कमी, नावाजलेले खेळाडू कमी. टर्नरनं १९६२ च्या वेळापत्रकात मे महिन्यातले मोकळे दिवस हेरले आणि शेजारच्या तीन काउंट्यांना गाठलं: डर्बीशायर, नॉटिंगहॅमशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायर. प्रस्ताव साधा होता. एका दिवसात एक सामना, प्रत्येकी एकच डाव, डावाला ६५ षटकं, हरला तो घरी. २ मे १९६२ रोजी दोन उपांत्य सामने झाले, त्यातला एक लेस्टरच्या ग्रेस रोड मैदानावर. आठवड्याभरानं फायनल झाली आणि ती नॉर्थॅम्प्टनशायरनं जिंकली. मिडलँड्स नॉकआउट कप हे तिचं नाव. इतिहासात तिला ओळ-दोन ओळींची जागा मिळते, आणि मला तो अन्याय वाटतो. चार गरीब शेजाऱ्यांनी मिळून केलेला तो प्रयोग होता, आणि आज जगभर जे झटपट क्रिकेट चालतं त्याची मुळं तिथं आहेत.

पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, सगळ्या १७ काउंट्यांची स्पर्धा सुरू झाली. दाढीची पाती बनवणाऱ्या जिलेट कंपनीनं साडेसहा हजार पौंड दिले आणि चषकाला तिचं नाव लागलं. त्याच्या काही महिने आधीच, १९६२ च्या अखेरीला, हौशी 'जंटलमन' आणि पगारी 'प्लेयर' हा जुना भेद इंग्लंडनं मोडीत काढला होता. म्हणजे एका हिवाळ्यात तिथल्या क्रिकेटची दोन जुनी दारं उघडली.

आता एक अडचण. बाद फेरीला १६ संघ लागतात, आणि होते १७. मग आदल्या वर्षीच्या गुणतक्त्यातल्या तळाच्या दोघांनी आधी आपसात खेळून घ्यायचं ठरलं. ते दोघे होते लँकेशायर आणि लेस्टरशायर. त्यामुळे मोठ्या पातळीवरचा पहिला मर्यादित षटकांचा सामना खेळायचा मान मिळाला तो तळातल्या दोन संघांना! १ मे १९६३ रोजी मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर तो सुरू झाला आणि पावसामुळे दुसऱ्या दिवशी संपला. लँकेशायरच्या ६५ षटकांत ९ बाद ३०४ धावा, त्यात पीटर मार्नरच्या १२१. वनडेतलं पहिलं शतक ते हेच. लेस्टरशायरकडून मॉरिस हॅलमनंही शतक ठोकलं, पण ब्रायन स्टॅथमनं पाच बळी घेतले आणि संघ २०३ वर आटोपला. सामनावीराचा पुरस्कार मार्नरला मिळाला. सामना संपल्यावर एका खेळाडूला बक्षीस द्यायची ही पद्धतही याच स्पर्धेनं रुजवली.

साठ षटकांचं कोडं इथूनच सुटायला लागतं. पहिल्या वर्षी डावाला ६५ षटकं आणि एका गोलंदाजाला जास्तीत जास्त १५. म्हणजे दिवसाला १३० षटकं! आज शंभर षटकं टाकायला आठ तास लागतात, हे लक्षात घेतलं की तेव्हाचे गोलंदाज किती भराभर षटकं टाकत असतील याची कल्पना येते. तरीही दिवस पुरेना. सप्टेंबरमध्ये इंग्लंडात लवकर अंधारतं, पावसानं तासभर घेतला तर सामना लटकतो. म्हणून १९६४ मध्ये षटकं ६० केली. गोलंदाजाची मर्यादा आधी १३ आणि मग १२.

बारा का? साठला पाचनं भागा. निदान पाच गोलंदाज वापरावेच लागतील आणि कुणीही एकपंचमांशापेक्षा जास्त टाकू शकणार नाही, असा तो हिशेब. पन्नास षटकांत दहा, वीस षटकांत चार: आज आयपीएल बघताना "बुमराची एक ओव्हर शिल्लक आहे" असं आपण म्हणतो, तेव्हा हाच भागाकार करत असतो.

पण नियम करणं वेगळं आणि तो खेळ खेळायचा कसा हे कळणं वेगळं. पहिल्या वर्षी बहुतेक कर्णधार हा एक छोटा काउंटी सामना आहे असंच समजून खेळले. गडी बाद करायला जवळ क्षेत्ररक्षक लावायचे, फिरकी आणायची. एका माणसाला मात्र लवकर उमगलं, की इथे गडी बाद करणं सक्तीचं नाही, धावा रोखल्या तरी पुरे. तो ससेक्सचा कर्णधार टेड डेक्स्टर. वेगवान आणि मध्यमगती गोलंदाज, अचूक टप्पा, आणि गरज पडली की सगळे क्षेत्ररक्षक सीमारेषेवर. तेव्हा मैदानात वर्तुळ नव्हतं, पॉवरप्ले नव्हता, कुणाला कुठेही उभं करायची मुभा होती. ७ सप्टेंबर १९६३ ला लॉर्ड्सवर पहिली फायनल झाली. ससेक्स सर्वबाद १६८, वूस्टरशायर सर्वबाद १५४. चौदा धावांनी ससेक्स विजयी. सामनावीर मात्र ठरला वूस्टरशायरचा डावखुरा फिरकी गोलंदाज नॉर्मन गिफर्ड. पुढच्या वर्षी चषक पुन्हा ससेक्सकडेच.

डेक्स्टरच्या त्या डावपेचांना तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला मात्र वाटतं, की वनडेचा पहिला खरा विचारवंत तोच. आज कुठलाही कर्णधार शेवटच्या पाच षटकांत लाँगऑन, लाँगऑफ, डीप मिडविकेट मागे सारतो, तेव्हा तो डेक्स्टरचीच वही पुढे चालवत असतो.

धावा जमवायच्या कशा हे यायला आणखी वेळ लागला. १९६५ च्या फायनलला जेफ बॉयकॉटनं सरेविरुद्ध १४६ धावा केल्या. बॉयकॉट! कसोटीत ज्याच्या संथपणाला लोक कंटाळायचे, त्यानं लॉर्ड्सवर फटक्यांची बरसात केली. यॉर्कशायर ४ बाद ३१७, सरे सर्वबाद १४२.

१९६८ मध्ये काउंट्यांना परदेशी खेळाडू लगेच घेण्याची परवानगी मिळाली आणि या गोष्टीत आपला माणूस आला. माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेचा आणि पोदार कॉलेजचा विद्यार्थी, पारशी, देखणा, हजरजबाबी यष्टिरक्षक फारुख इंजिनिअर लँकेशायरला दाखल झाला. वेस्ट इंडीजचा क्लाइव्ह लॉइडही आला. पहिल्या सामन्याच्या वेळी तळाला असलेल्या त्याच लँकेशायरनं १९७०, ७१ आणि ७२ असे लागोपाठ तीन जिलेट कप जिंकले. शिवाय १९६९ मध्ये सुरू झालेल्या रविवारच्या चाळीस षटकांच्या लीगची पहिली दोन विजेतेपदंही त्यांचीच. कर्णधार होता जॅक बाँड. नाव हिरोचं, पण फलंदाज बेताचाच. माणसं मात्र त्याच्यासाठी जीव टाकायची.

त्या संघाची एक रात्र मी आवर्जून सांगतो, कारण वनडे म्हणजे काय हे त्या रात्री इंग्लंडला कळलं.

२८ जुलै १९७१, ओल्ड ट्रॅफर्ड. ग्लॉस्टरशायरविरुद्ध उपांत्य सामना. आदल्याच दिवशी लॉर्ड्सवर वाडेकरांच्या भारतीय संघाची कसोटी पावसामुळे अनिर्णित सुटली होती. इंग्लंडचा गोलंदाज जॉन स्नोनं गावसकरांना धक्का मारला तीच ही कसोटी. इंजिनिअर त्या कसोटीत भारताकडून खेळले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मँचेस्टरला लँकेशायरचे ग्लव्हज घालून उभे! आजचे खेळाडू थकव्याविषयी बोलतात ते बरोबरच आहे, पण त्या काळच्या या धावपळीला दाद दिल्याशिवाय राहवत नाही.

मैदान खच्चून भरलं होतं, वीस हजारांवर माणसं. ग्लॉस्टरशायर ६ बाद २२९. मध्ये पावसानं तासभर खाल्ला. लँकेशायरचा पाठलाग सुरू झाला आणि मधली फळी जॉन मॉर्टिमोरच्या ऑफस्पिनमध्ये अडकली. इंजिनिअर स्वतःचीच यष्टी पाडून २ धावांवर बाद. सातवा गडी पडला तेव्हा २७ धावा हव्या होत्या, आणि घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. पलीकडच्या रेल्वे स्टेशनवरचे दिवे लागलेले स्पष्ट दिसत होते. फ्लडलाइट हा प्रकारच नव्हता. बाँडनं पंच आर्थर जेप्सनकडे उजेडाची तक्रार केली, त्याचा किस्सा आजही सांगतात. जेप्सननं आकाशाकडे बोट दाखवून विचारलं, "तो काय आहे?" बाँड म्हणाला, "चंद्र." "मग अजून किती लांबचं दिसायला हवंय तुला?"

नववा फलंदाज डेव्हिड ह्यूज आत आला. छप्पन्नावं षटक मॉर्टिमोरचं. पहिल्या चेंडूवर चौकार, दुसऱ्यावर षटकार, मग दोन, पुन्हा दोन, मग चौकार आणि शेवटी षटकार. एका षटकात चोवीस. त्या काळात, त्या बॅटी घेऊन, संधिप्रकाशात. पुढच्या षटकात बाँडनं विजयी धाव काढली आणि प्रेक्षक मैदानात घुसले. बीबीसीवर थेट प्रक्षेपण चाललं होतं, आणि त्या सामन्यासाठी नऊच्या बातम्या खोळंबल्या होत्या. काउंटी क्रिकेटच्या गेटवर दहा वर्षांपूर्वी शुकशुकाट होता, हे लक्षात ठेवून त्या रात्रीकडे बघा.

(२०२५ च्या जुलैत, भारताच्या मँचेस्टर कसोटीच्या वेळी, ओल्ड ट्रॅफर्डच्या एका स्टँडला लॉइड आणि इंजिनिअर यांची नावं दिली गेली. माटुंग्याच्या मुलाचं नाव मँचेस्टरच्या भिंतीवर. मला फार बरं वाटलं.)

इथवर आलो की भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सरळ मिळतं. १९७५ मध्ये पहिला विश्वचषक इंग्लंडमध्ये भरला, तेव्हा यजमानांकडे बारा वर्षं वापरून पक्का झालेला साचा तयार होता. साठ षटकं, गोलंदाजाला बारा, फायनल लॉर्ड्सवर, एका दिवसात निकाल. जिलेट कपचेच नियम जगाला लागू झाले. १९७५, ७९ आणि ८३ चे तिन्ही विश्वचषक त्याच साच्यात झाले. म्हणून कपिलच्या संघाच्या डावात चोपन्नावं षटक दिसतं.

याच साच्यानं गावसकरांनाही गाठलं. ७ जून १९७५, लॉर्ड्स. इंग्लंड ४ बाद ३३४, आणि गावसकर साठ षटकं खेळून १७४ चेंडूंत नाबाद ३६. त्या डावाची आजवर भरपूर टवाळी झाली. पण इंग्लंडचे खेळाडू या पद्धतीत लहानाचे मोठे झाले होते, आणि भारत त्याआधी उणेपुरे दोन वनडे सामने खेळला होता. आपल्याकडे मर्यादित षटकांची देवधर करंडक स्पर्धा सुरू होऊन जेमतेम दोन मोसम झाले होते. तिला नाव दिलं होतं पुण्याच्या प्राध्यापक दि. ब. देवधरांचं. गावसकरांचा तो डाव चुकलेलाच होता, पण तो असा कोरड्या जमिनीत उगवला होता.

काउंटीकडे परत येऊ. बाद फेरीची खरी मजा असते ती दुबळ्यानं बलवानाला चितपट करण्यात. १९६४ पासून या स्पर्धेत 'मायनर काउंटी' संघांनाही प्रवेश मिळाला. म्हणजे दुसऱ्या फळीतल्या काउंट्या, ज्यांचे बहुतेक खेळाडू नोकरीधंदा सांभाळून खेळायचे. सुरुवातीची नऊ वर्षं मोठ्यांनी त्यांना दाद दिली नाही. मग ३० जून १९७३ ला हॅरोगेटला डरहॅमनं यॉर्कशायरला १३५ धावांत गुंडाळलं आणि पाच गडी राखून हरवलं. समोर बॉयकॉटचा संघ होता, त्यांच्याच घरी. पुढे १९९२ मध्ये डरहॅमला प्रथम श्रेणीचा दर्जा मिळाला, २००७ मध्ये त्यांनी हाच चषक लॉर्ड्सवर जिंकला आणि २०१४ मध्ये पुन्हा एकदा वनडे चषक उचलला. ज्या दारातून पाहुणे म्हणून आले, त्याच घराचे मालक झाले.

सगळंच असं गोड नव्हतं. १९७२ मध्ये आणखी एक स्पर्धा सुरू झाली, ५५ षटकांची बेन्सन अँड हेजेस कप. तिच्यात आधी गट, मग बाद फेरी. गट आले की समान गुणांचा तिढा आला, आणि तिढा आला की पळवाट आली. २४ मे १९७९ ला वूस्टरला सॉमरसेटचा कर्णधार ब्रायन रोझ नियमावली घोळून आला होता. गुण समान झाले तर गोलंदाजांनी किती चेंडूंमागे बळी घेतला त्यावर निकाल लागणार होता, आणि त्यात सॉमरसेट पुढे होतं. मग हा सामना खेळून ती आघाडी धोक्यात घालायचीच कशाला? रोझनं पहिली फलंदाजी घेतली, एक षटक झालं, नोबॉलची एक धाव मिळाली आणि त्यानं डाव घोषित केला. १ बाद नव्हे, बिनबाद १! वूस्टरशायरनं दहा चेंडूंत दोन धावा काढून सामना जिंकला. तिकीट काढून आलेल्यांना पैसे परत करावे लागले. नियम एकही मोडला नव्हता, पण क्रिकेट मंडळानं सॉमरसेटला स्पर्धेतून बाहेर काढलं आणि पुढे वनडेत डाव घोषित करायला बंदी आली. माझ्या मते शिक्षा योग्यच होती. ज्या खेळाचा जन्म प्रेक्षकाला पूर्ण सामना दाखवण्यासाठी झाला, त्यात प्रेक्षकाला काही मिनिटांत घरी पाठवणं हा त्या जन्मकारणावरच घाव होता.

त्याच सॉमरसेटनं त्याच वर्षी, ८ सप्टेंबरला, जिलेट कप जिंकला. व्हिव्ह रिचर्ड्सच्या ११७ धावा, जोएल गार्नरचे २९ धावांत ६ बळी. दुसऱ्या दिवशी नॉटिंगहॅमला जाऊन त्यांनी रविवारची लीगही जिंकली. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या क्लबनं आयुष्यातली पहिली दोन विजेतेपदं एकापाठोपाठच्या दोन दिवसांत मिळवली.

पुढची नावं मी भरभर सांगतो, कारण चषक तोच, फक्त पाटी बदलत गेली. १९८१ पासून नॅटवेस्ट ट्रॉफी, २००१ पासून सी अँड जी, २००७ ते २००९ फ्रेंड्स प्रॉव्हिडंट. नॅटवेस्टच्या पहिल्याच फायनलला दोन्ही संघांच्या धावा २३५, आणि कमी गडी गमावले म्हणून डर्बीशायर विजेतं. १९९३ ला ससेक्सनं ३२१ केल्या, जिंकल्याची खात्री झाली, आणि असिफ दीनच्या शतकाच्या जोरावर वॉरिकशायरनं शेवटच्या चेंडूवर त्या पार केल्या. फायनल सप्टेंबरमध्ये सकाळी सुरू व्हायची. दवानं ओलावलेली खेळपट्टी, लाल चेंडू, पांढरे कपडे, मध्ये लंच आणि टी. त्यामुळे बऱ्याच फायनलमध्ये नाणेफेक जिंकून आधी गोलंदाजी घेणाऱ्याचं पारडं जड असायचं, आणि लोक ते बोलूनही दाखवायचे. सचिन १९९२ मध्ये यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून गेला तो याच जगात.

तोवर जग पुढे सरकलं होतं. १९८७ चा विश्वचषक भारत-पाकिस्तानात आला. आपल्याकडे इंग्लिश उन्हाळ्यासारखा रात्री नऊपर्यंत उजेड नसतो, म्हणून षटकं पन्नास झाली. इंग्लंडची नॅटवेस्ट ट्रॉफी मात्र १९९८ पर्यंत साठचीच राहिली. म्हणजे काउंटी खेळाडू देशात साठ, पंचावन्न आणि चाळीस षटकांच्या तीन स्पर्धा खेळायचे आणि विश्वचषकाला पन्नासची सवय शोधायचे. ज्यांनी हा खेळ जन्माला घातला, त्यांना विश्वचषक जिंकायला २०१९ उजाडावं लागलं, त्यामागे हा गोंधळही होता असं माझं मत आहे.

२००२ मध्ये बेन्सन अँड हेजेस कप बंद झाला. सिगारेटची कंपनी, आणि ब्रिटनमध्ये तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी येत होती. वेळापत्रकात मोकळी जागा पडली. पुन्हा मोकळे दिवस, पुन्हा रिकाम्या गल्ल्याची चिंता, आणि पुन्हा एक माणूस. क्रिकेट मंडळाच्या मार्केटिंग विभागातला स्टुअर्ट रॉबर्टसन. त्यानं वीस षटकांची कल्पना मांडली, काउंटी अध्यक्षांनी ती ११ विरुद्ध ७ मतांनी मान्य केली आणि जून २००३ मध्ये ट्वेंटी-२० सुरू झालं. तीन मतं इकडची तिकडे झाली असती तर आयपीएलचं काय झालं असतं, हा विचार मला अनेकदा छळतो.

थोरल्या भावंडाला या धाकट्यानं मागे सारलं. २०१० मध्ये बाद फेरीची जुनी स्पर्धा आणि रविवारची लीग एकत्र करून चाळीस षटकांची एकच स्पर्धा झाली. २०१४ मध्ये ती पन्नासवर आली. फायनल २०१९ पर्यंत लॉर्ड्सवर होती, नंतर नॉटिंगहॅमच्या ट्रेंट ब्रिजला गेली. २०२१ पासून ऐन ऑगस्टमध्ये 'द हंड्रेड' ही शंभर चेंडूंची स्पर्धा चालते, आणि त्याच दिवसांत वनडे चषकही. नावाजलेले खेळाडू तिकडे जातात. वनडे चषकात उरतात तरुण पोरं, संघाबाहेर पडलेले अनुभवी, आणि मधूनच एखादा भारतीय पाहुणा.

हे दुय्यमपण मला मनापासून खुपतं. पण त्यातूनच काही सुंदर गोष्टी घडल्या हेही खरं. २०२२ मध्ये चेतेश्वर पुजारानं ससेक्सचं नेतृत्व करताना सरेविरुद्ध १७४ ठोकल्या. ९ ऑगस्ट २०२३ ला नॉर्थॅम्प्टनच्या मैदानावर आपल्या विरारच्या पृथ्वी शॉनं सॉमरसेटविरुद्ध १५३ चेंडूंत २४४ धावा केल्या. अठ्ठावीस चौकार, अकरा षटकार. चारच दिवसांनी डरहॅमविरुद्ध नाबाद १२५, आणि त्याच सामन्यात गुडघा दुखावून मोसम संपला. भारतीय संघाची दारं बंद झालेल्या त्या पोराला जवळ करणारं नॉर्थॅम्प्टनशायर म्हणजे १९६२ चा तो पहिलावहिला मिडलँड्स कप जिंकणारी काउंटी.

आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फायनलला कोण होतं? हॅम्पशायर, आणि समोर माइक टर्नरचं लेस्टरशायर. १९८५ नंतर त्यांनी एकही पन्नास-साठ षटकांचा चषक पाहिला नव्हता. डाव कोसळत असताना यष्टिरक्षक हॅरी स्विंडल्सनं नाबाद ११७ केल्या. धावसंख्या २६७. शेवटच्या षटकात हॅम्पशायरला आठ धावा हव्या होत्या, चेंडू होता जॉश हल या १९ वर्षांच्या उंच डावखुऱ्या पोराच्या हातात. त्यानं पाचच दिल्या. लेस्टरशायर दोन धावांनी विजेतं.

पुढच्या ऑगस्टमध्ये ते विजेतेपद राखायला उतरलेल्या संघात अजिंक्य रहाणे होता. डोंबिवलीहून बॅग घेऊन लोकलनं प्रॅक्टिसला जाणारा मुलगा, ग्रेस रोडवर लेस्टरशायरची टोपी घालून. भाच्याला मी तो फोटो दाखवला आणि सांगितलं, तुझी ती चोपन्नावी ओव्हर या काउंटीतून निघाली.